तबकडी आधी, यंत्र नंतर

आमच्या सांगलीच्या घरी जो रेकॉर्ड प्लेअर होता, त्याच्या हाताच्या टोकाला, पिनेजवळ, एक इवलासा खटका होता. थाळीवर नवी तबकडी ठेवली की वडील कधी कधी तो बोटाने फिरवत. खटक्याच्या एका बाजूला ‘७८’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एलपी’ असे लिहिलेले होते. आम्हां मुलांना प्लेअरला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो खटका नेमके काय करतो हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुढे घरात कॅसेट आली, प्लेअर बिघडला आणि भंगारात गेला. तबकड्या मात्र वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवल्या.

वडील गेल्यावर ती ट्रंक माझ्याकडे पुण्याला आली. मोजल्या तेव्हा त्रेसष्ट तबकड्या भरल्या. त्यांतल्या एकेचाळीस लाखेच्या, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या, आणि बाकीच्या एलपी. त्या ऐकायच्या तर यंत्र हवे. ‘टर्नटेबल कोणता घ्यावा?’ एवढाच साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर मी बाजारात शोधले, आणि तिथेच चुकलो. ते उत्तर ट्रंकेत होते. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. पण ते कळायला मला ध्वनिमुद्रणाचा शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला आणि एक तबकडी गमवावी लागली.

काळा कापूस

आधी त्या तबकडीविषयी. कोल्हापूरचे नारायणराव व्यास हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि ७८ च्या जमान्यातले अतिशय लोकप्रिय गायक. त्यांची एक तबकडी ट्रंकेत होती, धुळीने माखलेली. रेकॉर्ड स्वच्छ करण्यासाठी पाण्यात थोडे अल्कोहोल मिसळावे, असा सल्ला एका हौशी संग्राहकाने दिला होता. मी थोड्यावर थांबलो नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस तबकडीवरून फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटले, काय मळ निघतोय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा झाला. तबकडी वाळली तेव्हा तिची चकाकी गेली होती आणि त्या बाजूवर खरखरीखेरीज काही उरले नव्हते.

पुढे घरात फर्निचरला पॉलिश करायला एक कारागीर आले होते. त्यांना हा प्रकार सांगितला तर ते हसून म्हणाले, “अहो काका, लाख स्पिरिटातच तर विरघळवतो आम्ही!” कापसाला लागला होता तो मळ नव्हता, ती तबकडीच होती. सल्ला देणाऱ्याचेही चुकले नव्हते. त्याचा सल्ला व्हायनलसाठी होता, माझ्या हातात लाख होती.

लाखेची तबकडी आणि तिची पिन

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसनच्या नळकांड्याऐवजी त्याने सपाट तबकडी आणली आणि एका साच्यावरून हजारो प्रती काढणे शक्य झाले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकाला कलकत्त्याला पाठवले. त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या गेल्या त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. पुढे १९०८ च्या सुमारास सियालदहला आणि १९२० च्या दशकाअखेरीस डमडमला कारखाना उभा राहिला. मुंबईतही १९३० च्या दशकात ‘यंग इंडिया’ या छापाच्या तबकड्या निघू लागल्या.

या तबकड्यांचा मुख्य घटक लाख. ती छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जाई. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असे. ही पूड मुद्दाम घातलेली होती. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभराहून अधिक ग्रॅम वजनाने पोलादी पिनेवर दाबलेला असे. पहिल्या काही फेऱ्यांत पूड पिनेला घासे आणि पिनेचे टोक खाचेच्या मापाचे होई. झिजायचे ते पिनेने, तबकडीने नव्हे. म्हणूनच दर बाजूला पीन बदलायची शिस्त होती. पिनांची चिमुकली डबी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती आठवत असेल.

लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यात नीट बसणाऱ्या पिनेच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन लागते. हा आकडा लक्षात ठेवावा. माझी सारी फजिती त्याच्याभोवती फिरते.

१९४८, आणि आपले वेगळे पंचांग

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये एलपी बाजारात आणली. लाखेच्या जागी व्हायनल आले, ७८ ऐवजी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या आल्या आणि खाच अगदी अरुंद झाली. दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. बारा इंची एलपीवर वीस मिनिटांहून अधिक मावू लागली. ज्या ख्यालाला तीन मिनिटांत आलापापासून तानांपर्यंतची धावपळ करावी लागे, त्याला बसायला जागा मिळाली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. नव्या खाचेसाठी पिनेच्या टोकाची त्रिज्या लागते सुमारे १८ मायक्रॉन, म्हणजे जुनीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढी.

अमेरिकेत १९५० चे दशक संपता संपता ७८ ची तबकडी संपली. आपल्याकडे तसे झाले नाही. एलपी रुळायला इथे १९६० चे दशक उजाडले, आणि त्या दशकातही ७८ च्या तबकड्या छापल्या जात होत्या. इतक्या, की बीटल्सची गाणीही भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली. परदेशी संग्राहक आज त्यांच्यासाठी बरीच किंमत मोजतात. कारण उघड आहे. ज्या गावात वीज नव्हती, तिथे चावीचा ग्रामोफोन चालू होता. त्याच्या जड साउंडबॉक्सखाली एलपी ठेवली असती, तर एका फेरीत तिचे मातेरे झाले असते.

त्यामुळे आपल्या घरांत दोन्ही पिढ्यांच्या तबकड्या एकाच कपाटात नांदल्या. खटका होता तो यासाठी. त्या काळच्या प्लेअरच्या कार्ट्रिजला पाठीला पाठ लावून दोन पिना असत, एक रुंद खाचेची आणि एक अरुंद खाचेची. खटका फिरवला की पीन उलटे. वडिलांना मायक्रॉन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण कोणत्या तबकडीला कोणती पीन हे त्यांच्या बोटांना पाठ होते.

अमेरिकेत २०२२ मध्ये व्हायनलच्या तबकड्या सीडीपेक्षा अधिक संख्येने खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. रेकॉर्डकडे परतण्याच्या त्या लाटेबरोबर सल्लेही आले. ते परतणाऱ्या अमेरिकी माणसाचे आहेत, आणि त्याच्या माळ्यावर मुख्यतः एलपी आहेत. माझ्या माळ्यावर दोन तृतीयांश लाख होती.

पेटीवजा प्लेअर

हे कळण्याआधीच मी पहिली खरेदी करून बसलो होतो. बॅगेसारखा उघडणारा, दिसायला देखणा, आतच स्पीकर असलेला प्लेअर. खोक्यावर लिहिले होते: ३३, ४५, ७८. तिन्ही गती खरोखर होत्या. पीन मात्र एकच, एलपीच्या मापाची. लाखेच्या रुंद खाचेत ती भिंतींना टेकतच नाही. तळाशी, जिथे सगळी घाण साचते, तिथे घसरत राहते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नही आवत चैन’ लावली, तर सूर दूर कुठेतरी आणि समोर भजी तळल्यासारखा आवाज. खाँसाहेबांचे वास्तव्य आमच्या शेजारच्या मिरजेचे. वडील ती तबकडी फार जपत. तबकडीच झिजली असे समजून मी हळहळलो. तबकडी ठणठणीत होती.

एलपीच्या बाबतीत याच प्लेअरचा दोष उलटा होता. त्याचा हात जड होता आणि वजन कमी-जास्त करायची सोयच नव्हती. चांगल्या कार्ट्रिजला एलपीसाठी दोनेक ग्रॅम पुरतात.

यंत्रांची तीन घराणी

टर्नटेबलची तीन घराणी मानता येतील. पहिले आयडलरचे. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक असते. ताकद भरपूर, थाळी चटकन वेग घेते. लाखेची तबकडी आणि जड हात ओढायला हेच योग्य होते. इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचे १९५० च्या दशकातले ३०१ हे यंत्र या घराण्याचा मानबिंदू. मात्र मोटरची थरथर चाकातून थाळीत उतरते. १९५० च्या दशकाअखेरीस स्टिरिओ तबकड्या आल्या. त्यांची पीन आडव्याबरोबर उभी हालचालही टिपते, त्यामुळे ही घरघर जास्तच ऐकू येऊ लागली.

यातून दुसरे घराणे पुढे आले, पट्ट्याचे. मोटर बाजूला, आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. थरथर पट्ट्यातच जिरते. एडगर व्हिलचर याच्या एआर कंपनीने १९६१ मध्ये काढलेले साधे, स्वस्त यंत्र यात महत्त्वाचे. आजचे बहुतेक नावाजलेले टर्नटेबल याच वंशातले, आणि त्यांतल्या अनेकांना ३३⅓ आणि ४५ या दोनच गती असतात.

तिसरे घराणे जपानचे. तिथे मोटरचा दांडा हाच थाळीचा दांडा. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० च्या सुमारास असे यंत्र आणले, आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० काढले. घरी गाणे ऐकणाऱ्यांसाठी केलेले हे यंत्र न्यूयॉर्कच्या डीजेंनी उचलले, ते त्याच्या ताकदीसाठी आणि गती कमी-जास्त करण्याच्या सोयीसाठी.

गती आणि पट्टी

त्या सोयीचे लाखेच्या तबकडीशी नाते आहे. ‘७८’ हा आकडा आपण पक्का समजतो, पण १९२५ च्या आसपासपर्यंत तो पक्का नव्हता. कुणी ७६ वर मुद्रण करी, कुणी ८० वर. पुढेही तो नेमका ७८ झाला नाहीच. गती तपासायला रेघांची चकती थाळीवर ठेवतात आणि विजेच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात का ते पाहतात. आपल्याकडचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ७७ रेघांची चकती लागते, आणि गती येते ७७.९२. अमेरिकेत दिवा १२० वेळा लुकलुकतो. तिथे ९२ रेघा आणि गती ७८.२६.

एवढा फरक कानाला कळत नाही. पण ८० वर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्म्याने उतरते. माझी पत्नी पेटी वाजवते. एका तबकडीतला षड्ज तिला दोन पट्ट्यांच्या मधोमध सापडत होता. गती अडीच टक्क्यांनी वाढवली, तर तो नेमका पेटीवर बसला. “म्हणून लगेच खात्री धरू नका,” ती म्हणाली, “तेव्हाच्या पेट्याही वेगळ्या पट्टीत लावलेल्या असतील.” पण प्रश्न विचारता आला, तो यंत्रामुळे.

शेवटी काय घेतले

मी रविवारी जुन्या बाजारात काही जुने प्लेअर पाहिले. बहुतेकांचे रबरी चाक कडक झालेले, पीन मिळायची मारामार. दुरुस्तीचे अंग असेल त्याने तो मार्ग जरूर धरावा. मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२० घेतला. तिसऱ्या घराण्यातला, तीन गती, सरकपट्टी, हाताचे वजन बदलता येते आणि फोनोचा अ‍ॅम्प्लिफायर आतच आहे. त्याच्या कार्ट्रिजला ७८ साठीची वेगळी रुंद पीन बसते. तिला सुमारे पाच ग्रॅम वजन द्यावे लागते. एक उणीव राहतेच. मुद्रण करताना खर्ज कमी आणि तार जास्त ठेवतात, आणि वाजवताना ते उलट करून घेतात. यासाठीचे सर्वमान्य प्रमाण अमेरिकेत १९५४ मध्ये ठरले. त्याआधीच्या तबकड्या त्या प्रमाणात बसत नाहीत, म्हणून खर्ज-तारेची बटणे कानाने फिरवावी लागतात.

ज्यांच्या ट्रंकेत फक्त एलपी आहेत, त्यांनी पट्ट्याचा साधा, वजन बदलता येणारा प्लेअर घ्यावा. जास्त पैसे घालू नयेत. ज्यांच्याकडे लाख आहे, त्यांनी दुकानदाराला एकच विचारावे: ७८ ची पीन वेगळी मिळते का? आणि स्पिरिटची बाटली लांब ठेवावी. लाखेला मऊ कोरडा ब्रश, फार तर किंचित ओलसर कापड पुरते.

रुंद पीन बसवून मी पहिल्यांदा झिंझोटीच लावली. खरखर होती, पण ती आता मागे होती आणि खाँसाहेब पुढे. मग नारायणरावांची तबकडी काढली. एक बाजू मी पुसून टाकली आहे, ती परत येणार नाही. दुसऱ्या बाजूला स्पिरिट लागले नव्हते. ती सव्वातीन मिनिटे वाजली आणि संपली. मी पीन उचलली, रुंद काढून अरुंद बसवली, वजन पाचावरून दोनावर आणले आणि एलपी लावली. वडिलांना हे काम करायला एक बोट पुरत असे.