इग्निशन कॉइल बदलणे

पेट्रोल वा सीएनजीवर चालणाऱ्या एंजिनात बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत चढवून स्पार्क प्लगला पुरवणारा भाग म्हणजे इग्निशन कॉइल. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. काहींत दोन सिलिंडरांमागे एक. डिझेल एंजिनात कॉइल नसते.

पूर्वरूप : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाटमध्ये (१९७४ पासून ‘पद्मिनी’, १,०८९ घ.सेंमी., चार सिलिंडर) एकच नळकांड्यासारखी कॉइल असे आणि डिस्ट्रिब्यूटर तिचे व्होल्टेज सिलिंडरांना १-३-४-२ या क्रमाने वाटे. खंडाळ्याचा घाट चढताना ही गाडी बंद पडली, की दोन कारणे संभवत. एंजिनाच्या पेट्रोलपंपात वाफ धरणे हे एक. पंपावर ओले फडके टाकून थोडे थांबले, की गाडी निघे. तापलेल्या कॉइलचे वेटोळे आतून तुटणे हे दुसरे. यातही थंड झाल्यावर गाडी चालू होई, म्हणून निदान चुके. बंद पडल्या क्षणी स्पार्क येतो का, एवढे पाहिले तरी उलगडा होई. स्पार्क असेल तर पेट्रोल, नसेल तर कॉइल किंवा डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट वा कंडेन्सर. पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले.

मावळातील स्थिती : कामशेतहून नाणे मावळात वडिवळे धरणाकडे जाणारा रस्ता आणि लोणावळ्याचा घाट, दोन्हीकडे पावसाळ्यात गाडी ‘मिस मारते’ ही तक्रार नेहमीची. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, की सिलिंडरातील दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइलच्या रबरी बुटाला बारीक चीर असेल, तर ओलसर हवेत हे व्होल्टेज प्लगऐवजी बाहेरच्या धातूकडे निसटते. सपाटीवर सुरळीत चालणारी गाडी चढावर झटके देते ती यामुळे. सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने त्या गाड्यांत कॉइलवर ताण अधिक.

निदान : स्कॅनरमध्ये पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडर दाखवतो, दोषी भाग नव्हे. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावावी. दोष तिच्यासोबत गेला तर कॉइल खराब; जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग वा कॉम्प्रेशन तपासावे. ही अदलाबदल फुकट होते, तरी ती न करता नवी कॉइल विकत घेतली जाते, हे खेदाचे आहे. एंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी पुढे चढवू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होतो.

कृती : एंजिन थंड होऊ द्यावे. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी. कनेक्टरची खटकी दाबून तो सोडवावा. वायर ओढू नये, जुने प्लास्टिक तुटते. दहाच्या गोटीने बोल्ट काढून कॉइल हलकेच फिरवत सरळ वर उचलावी. प्लग काढण्याआधी तो ज्या खोल भोकात बसतो ती विहीर हवेने साफ करावी, म्हणजे कचरा सिलिंडरात पडत नाही. विहिरीत ऑइल दिसले, तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आधी बदलणे भाग आहे, नाहीतर नव्या कॉइलचे रबरही फुगून फाटेल. झिजलेल्या प्लगच्या टोकांमधील अंतर वाढते आणि कॉइलला जादा व्होल्टेज द्यावे लागते. म्हणून प्लग त्याच वेळी पाहावेत. नवी कॉइल पूर्ण बसेपर्यंत दाबावी, बोल्ट बेताने आवळावा. बॅटरीची तार पुन्हा जोडून, कोड पुसून गाडी चढावरच चालवून पाहावी.

सर्व कॉइल एकदम बदलाव्यात की खराब तेवढीच, याबाबत मतभेद आहेत. बुटात ग्रीस लावण्याविषयीही कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या असतात.

दुचाकी : तत्त्व तेच.