‘आपला’ बँड आणि ‘अभिमानी’ श्रोता : बंगळुरूच्या श्रवणेतिहासातील एक प्रश्न

संगीताचा श्रोत्याच्या मनावर होणारा परिणाम हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने रागसंगीताच्या संदर्भात चर्चिला गेला. राग आणि रस यांच्या जोड्या लावणे, अमुक स्वरावलीने अमुक भाव जागृत होतो असे मांडणे, ही या चर्चेची रूढ रीत. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी वेगळ्या करून दाखविल्या आणि चर्चेचा पैस वाढविला. तरीही जनसंगीताचा श्रोता, त्यातही एखाद्या बँडचा निष्ठावंत श्रोता, मराठी सौंदर्यविचारात अभावानेच भेटतो. वस्तुतः त्याची भाषाच विचार करावयास लावणारी आहे. ‘माझा आवडता राग’ म्हणणारा रसिक त्या रागावर मालकी सांगत नाही. ‘आपला बँड’ म्हणणारा श्रोता ती सांगतो. ही मालकीची भावना रसास्वादाला पोषक की मारक, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे आणि तो विचारण्यासाठी बंगळुरूइतके सोयीचे दुसरे शहर भारतात क्वचितच असेल.

प्रथम शास्त्राची अडचण पाहू. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. समोर चाललेला भाव हा माझाच आहे किंवा अमक्याचाच आहे, असे धरून बसणे हे त्यांपैकी एक. भाव व्यक्तीपासून सुटला, साधारण झाला, तरच त्याचा आस्वाद शक्य होतो. या निकषावर बँडचा चाहता हा अपयशी सहृदय ठरतो. गाणे आपल्याच एकाकीपणाविषयी आहे, असे त्याला मनोमन वाटत असते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचे जे द्वंद्व मांडले, त्यात या श्रोत्याला पहिल्या बाजूस बसवून विषय संपविता येईल. परंतु तसे केल्याने त्याच्या अनुभवाच्या तीव्रतेचा उलगडा होत नाही.

ही तीव्रता आता प्रयोगशाळेतही नोंदली गेली आहे. माँट्रिअल येथील ॲन ब्लड आणि रॉबर्ट झॅटोर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भाग उत्तेजित होतात, असे दिसून आले. मात्र साहित्याच्या अभ्यासकाला निष्कर्षापेक्षा प्रयोगाची रचना अधिक सांगून जाईल. संशोधकांनी सर्वांना एकच ‘सुंदर’ रचना ऐकविली नाही. प्रत्येकाने आपापली आवडती रचना आणावयाची आणि एकाची आवडती रचना दुसऱ्यासाठी तुलनेची, म्हणजे उदासीन रचना म्हणून वापरावयाची, अशी योजना होती. एकाच्या अंगावर रोमांच आणणारे स्वर दुसऱ्याला कोरडे ठेवतात, हे त्या प्रयोगात गृहीतच होते. पुढे २०११ मध्ये व्हॅलरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की डोपामीन हे द्रव्य उत्कट क्षणी तर स्रवतेच, पण तो क्षण येणार या अपेक्षेच्या काळातही, मेंदूच्या निराळ्या भागात, स्रवते. लेनर्ड मायर यांनी १९५६ साली संगीतातील भावनेचे मूळ अपेक्षा आणि तिचा विलंब यांत शोधले होते. त्या तर्काला हे पाठबळच मिळाले. अपेक्षा करावयाची तर गाणे आधी पुष्कळदा ऐकलेले हवे. म्हणजे ‘आवडते’ या विशेषणात एक इतिहास दडलेला असतो. हा इतिहास एखाद्या शहराच्या पातळीवर लिहिता येईल काय?

बंगळुरूपुरता काही अंशी येईल. येथे १८०९ साली इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि ‘बँड’ ही वस्तू शहराला प्रथम लष्करी गणवेशात भेटली. कबन पार्क आणि लालबाग येथील बँडस्टँड आजही तिची साक्ष देतात. मराठीतही हा शब्द पलटणीतून पोलिसांत, पोलिसांतून लग्नाच्या वरातीत आणि फार उशिरा आजच्या अर्थापर्यंत आला. मधल्या काळात आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ होता. ऑर्केस्ट्रा दुसऱ्याची गाणी हुबेहूब वठवितो आणि ‘अगदी रेकॉर्डसारखे’ ही त्याची सर्वोच्च पावती असते. बँड स्वतःच्या नावाने, स्वतःची गाणी घेऊन उभा राहतो. म्हणूनच ऑर्केस्ट्राला प्रेक्षक मिळतो, बँडला अनुयायी.

या शहराचे बहुभाषिक कान मात्र छावणीहून जुने आहेत. शहाजीराजांच्या बंगळुरू येथील दरबारी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील पद्ये त्यात आहेत आणि आपण बारा भाषांत रचना करतो हे सुचविण्यासाठी जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेवल्याचा प्रसंग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. दरबार आणि रॉकचे मैदान यांत थेट वंशावळ जोडणे हास्यास्पद होईल. एवढेच म्हणावे की आपली नसलेली भाषा ऐकणे हा या शहरात अपवाद नव्हता. आणखी एक श्रोता या प्रांतातच होऊन गेला : म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार. निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकारावरील प्रेमापोटी त्यांनी त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणासाठी पैसा पुरविला आणि रिचर्ड श्ट्राउसच्या अखेरच्या गीतांचा १९५० साली लंडनमध्ये झालेला पहिला प्रयोगही त्यांच्याच साहाय्याने झाला. चाहत्याच्या हाती तिजोरी असली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण.

सामान्य श्रोत्याच्या हाती जे साधन आले ते कॅसेटचे. या टप्प्यावर थोडे थांबावयास हवे, कारण ‘आपलेपणा’ची घडण येथे झाली. ग्रामोफोन आणि रेडिओ ही कुटुंबाची, क्वचित गल्लीची वाद्ये होती. मराठी भावगीत १९३०च्या दशकापासून याच सामायिक श्रवणावर वाढले. कॅसेट खोलीत एकट्याने ऐकता येई, मागे नेता येई, मित्राकडून कोऱ्या फितीवर उतरवून घेता येई. कन्नड भावगीतालाही तिने नवे आयुष्य दिले. के. एस. निसार अहमद यांच्या कवितांची, म्हैसूर अनंतस्वामी यांनी स्वरबद्ध केलेली ‘नित्योत्सव’ ही कॅसेट १९७८ची. इंग्रजी रॉकचा श्रोता याच फितींवर वाढला. ब्रिगेड रोडच्या परिसरातील ‘पेकोस’सारख्या पबमध्ये तो आपल्यासारख्या इतरांना भेटे. या श्रोत्यांचे नियतकालिक, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’, मात्र १९९३ साली अलाहाबादेत निघाले, हे महानगरकेंद्री इतिहासकारांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फितीवरच्या श्रवणात शब्दांचे काय होई? ‘आयर्न मेडन’ या इंग्रज बँडचे उदाहरण घेऊ. कोलरिजच्या १७९८च्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर आधारलेले, तेरा मिनिटांहून लांब असे त्यांचे गीत १९८४ सालच्या ‘पॉवरस्लेव्ह’ या संग्रहात आहे. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ही कविता टिपणांसह शिकणारा विद्यार्थी तीच कथा हेडफोनवर ऐकू शकत होता. वर्गात तो प्रतीके शोधी. फितीवर जहाज अडकून पडल्याची ती दीर्घ, संथ, जवळजवळ निःशब्द जागा त्याला प्रत्यक्ष सोसावी लागे. गाणे तेथे थांबते आणि पुन्हा उसळते. पहिल्यांदा ऐकताना ती जागा कंटाळवाणी वाटू शकते. अनेकदा ऐकल्यावर तिथेच श्वास रोखला जातो. मर्ढेकरांच्या परिभाषेत येथे विरोधलय काम करते असे म्हणता येईल. परंतु या लयीला भावनिक धार येते ती आवर्तनांमुळे, आणि ती आवर्तने प्रत्येकाची स्वतःची, स्वतःच्या खोलीतली, स्वतःच्या वयाची असतात. अभिनवगुप्ताने जे विघ्न मानले, ते येथे साधन झालेले दिसते.

दुसरा टप्पा मैदानाचा. बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर २००२ मध्ये रॉजर वॉटर्स, ४ एप्रिल २००३ रोजी ‘रोलिंग स्टोन्स’ आणि १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ यांचे कार्यक्रम झाले. यांतला शेवटचा कार्यक्रम श्रवणेतिहासाच्या दृष्टीने निर्णायक मानावा. हेवी मेटलच्या पहिल्या फळीतील बँड, त्याच्या ऐन उमेदीत ऐकलेल्या श्रोत्यांना, दोन दशकांच्या एकतर्फी ओळखीनंतर प्रत्यक्ष दिसत होता. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ (२००८) या माहितीपटात या मेळाव्याची दखल घेतलेली आहे. ‘फियर ऑफ द डार्क’ (१९९२) या गीताच्या वेळी या बँडचे श्रोते जगभर एक गोष्ट करतात : गिटारची सुरावट ते शब्दांविना, कंठाने, एकत्र गातात. अंधारात एकटे असण्याच्या भीतीचे हे गीत आहे. एकटेपणाचे गाणे हजारोंनी मिळून गावे, आणि तेही त्यातले शब्द टाकून, यात साधारणीकरणाची क्रिया उघड्यावर घडताना दिसते. भाव माझा आहे हे कोणी विसरत नाही. तो शेजाऱ्याचाही तितकाच आहे, हे कानांनी कळते.

हे दोन टप्पे समजून घेण्यासाठी माझ्या मते भोजाकडे वळणे उपयुक्त ठरेल. ‘शृंगारप्रकाशा’त अकराव्या शतकातील या राजाने रसाचे मूळ अहंकारात, अभिमानात मानले. स्वतःच्या अस्तित्वाची उत्कट जाणीव ही त्याच्या मते रसाची पूर्वअट. ती ज्याच्या ठायी आहे तोच रसिक. काव्यशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने हे मत बाजूला ठेवले. आता भाषेतील एक योगायोग पाहावा. मराठीत चाहत्याला आपण रसिक, शौकीन, दर्दी म्हणतो. कन्नडमध्ये त्याला ‘अभिमानी’ म्हणतात. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देव’ म्हणून संबोधीत, हे सर्वश्रुत आहे. मराठी कानाला ‘अभिमानी’मध्ये ताठा ऐकू येतो. कन्नड शब्दात निष्ठा आहे आणि ज्याच्यावर निष्ठा त्याच्यात स्वतःला पाहणेही आहे. भोजाचा आणि कन्नड चित्रपटरसिकाचा ऐतिहासिक संबंध सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. ‘आपला बँड’ म्हणणाऱ्या श्रोत्याचे वर्णन ‘रसिक’ या शब्दापेक्षा ‘अभिमानी’ या शब्दाने अधिक नेमके होते, एवढेच सांगावयाचे आहे.

अभिमानाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. मेटल संगीताने तरुण हिंसक होतात, हा आक्षेप जुना आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटॅलिका’चा गुडगाव येथील कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि संतप्त श्रोत्यांनी रंगमंचाची मोडतोड केली; ३० ऑक्टोबरला तोच बँड बंगळुरूत आपली गाणी गाऊन गेला. गुडगावात श्रोते बिथरले, तेव्हा बँडचा एक स्वरही वाजलेला नव्हता. दोष स्वरांवर ढकलणाऱ्यांनी हा तपशील विचारात घ्यावा. तेथे भंगली होती ती अपेक्षा, वर्षानुवर्षे कॅसेटवर पोसलेली.

पॅलेस ग्राउंड्स केवळ इंग्रजी बँडांचे नव्हते. याच मैदानावर २००५ साली सी. अश्वथ (१९३९–२००९) यांचा ‘कन्नडवे सत्य’ हा कन्नड भावगीतांचा कार्यक्रम प्रचंड जनसमुदायापुढे झाला. अश्वथ यांनीच टी. एस. नागाभरण यांच्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ (१९९०) या चित्रपटाला संगीत दिले आणि धारवाड-हावेरी भागातील या संतकवीची (१८१९–१८८९) पदे नव्या पिढीच्या कानी घातली. शरीफ जन्माने मुसलमान, त्यांचे गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण. घरगुती वस्तूंतून देहतत्त्व सांगण्याची त्यांची रीत एकनाथांची भारुडे वाचलेल्या मराठी वाचकाला परकी वाटणार नाही.

पुढे हीच पदे बँडच्या हाती आली. नाशिकला जन्मलेले आणि म्हैसुरात वाढलेले रघू दीक्षित यांनी आपल्या बंगळुरूतील ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’च्या २००८ सालच्या पहिल्या संग्रहात हिंदी-इंग्रजी गीतांच्या शेजारी शरीफांची कन्नड पदे ठेवली. २०११ मध्ये ‘साँगलाइन्स’ या ब्रिटिश नियतकालिकाने या बँडला नवोदितांचा पुरस्कार दिला. ब्रिटिश श्रोत्याला कन्नड येत नाही. बंगळुरूच्या संगणक-कंपन्यांत नोकरीस आलेल्या अनेकांनाही ती येत नाही. तरी ध्रुपदाच्या जागी ते गातात. येथे शब्द अर्थासाठी गायला जात नाही, तो तोंडात धरण्यासाठी गायला जातो आणि त्याच्या मागोमाग कधीतरी कोणी अर्थ विचारतो. अनुवादाच्या अभ्यासात आपण अर्थ आधी आणि नाद नंतर, असा क्रम धरतो. येथे तो उलटा आहे.

शहरातल्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ (१९९६) या दुसऱ्या बँडचे नावच मुळी, तीन मल्याळी आणि पाव हिस्सा मल्याळी असलेला चौथा, या गमतीतून आले आहे. त्यांची गाणी इंग्रजी. अशा बँडचा ‘अभिमानी’ कोणत्या भाषेचा अभिमानी म्हणावयाचा? १ नोव्हेंबर २०१४ पासून ज्या शहराचे अधिकृत नावही कन्नड उच्चारानुसार ‘बेंगळूरु’ झाले, त्या शहरात हा प्रश्न संगीतापुरता राहत नाही. आणि भाषिक अभिमानाची चर्चा करणारे बहुधा या श्रोत्याला विचारावयास जात नाहीत.