मिडासाच्या थडग्यातील पेय

फ्रिजियाचा राजा मिडास आपणां सर्वांस ठाऊक आहे तो शाळेच्या पुस्तकातील गोष्टीमुळे. हात लावील ते सोने व्हावे असा वर त्याने मागितला, तोंडाशी नेलेला घासही सोन्याचा झाला, आणि मग बिचारा तोच वर परत घ्या म्हणून गयावया करू लागला. ही गोष्ट ग्रीकांनी सांगितलेली. खरा मिडास मात्र इतिहासात होऊन गेला आहे. असिरियाचा सम्राट दुसरा सार्गोन याच्या लेखांत ‘मुश्की लोकांचा मिता’ असा ज्याचा उल्लेख येतो तो हाच, असे विद्वान मानतात. म्हणजे त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याची राजधानी गॉर्डियन. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३३ मध्ये जी अवघड गाठ तलवारीने तोडली असे सांगतात, ती याच गावची. आज तेथे, तुर्कस्तानातील अंकारा शहराच्या नैर्ऋत्येस, एक लहानसे खेडे आहे आणि आसपासच्या माळावर मातीचे शंभरावर ढिगारे आहेत. हे ढिगारे म्हणजे थडगी.

त्यांतील सर्वांत मोठ्या ढिगाऱ्यात सापडलेल्या एका पेयाविषयी आम्ही आज बोलणार आहोत. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मद्याचा विषय पाहून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती आम्ही समजू शकतो. परंतु माणूस काय खात होता नि काय पीत होता हे वगळून त्याचा इतिहास लिहावयाचा, म्हणजे नुसती लढायांची यादी करावयाची. शिवाय आमचा प्रश्न पिण्याचा नाहीच. गेलेल्या काळाची चव आज घेता येते काय, आणि घेता येते असे कोणी सांगितले तर त्यातले किती खरे मानावयाचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा ढिगारा ५३ मीटर उंच आणि जवळजवळ ३०० मीटर रुंद आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे रॉडनी यंग यांनी १९५७ साली तो खणला. एवढा डोंगर वरून उपसणे शक्य नव्हते. म्हणून आधी माथ्यावरून ठिकठिकाणी बारीक छिद्रे पाडून आतली खोली कोठे आहे ते हुडकले, आणि मग पायथ्यापासून बोगदा नेला. आत लागली ती लाकडाची खोली, छतासकट शाबूत! वरती टेकडीएवढी माती, आणि खाली लाकडी कोनाडा जसाच्या तसा. खोलीत साठीच्या पुढचा एक पुरुष चिरनिद्रेत पडलेला, आणि भोवती काशाची दीडशेवर भांडी: लोखंडी तिवयांवर ठेवलेले तीन मोठे हंडे, सिंहाच्या नि मेंढ्याच्या तोंडाच्या लहान बादल्या, आणि पेय पिण्याच्या वाट्यांचा ढीग. सोन्याच्या राजाचे म्हणून गाजलेल्या या थडग्यात सोने मात्र गुंजभरही निघाले नाही.

थडगे कोणाचे? यंग यांच्या मनात मिडास आणि त्याचा बाप हे दोघेही होते. पुढे लाकडातील वर्तुळे मोजून खोलीचा काळ इ. स. पू. ७४० च्या सुमाराचा ठरला. मिडास त्यानंतर बरीच वर्षे राज्य करीत होता. तेव्हा आत निजलेला राजा बहुधा मिडासाचा बाप, आणि मिडास हा त्याचे उत्तरकार्य करणारा मुलगा, असे आज मानले जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बाटलीवरच्या नावाशी तिचा संबंध येणार आहे.

भांड्यांच्या तळाशी वाळलेला साका होता, पिवळाधमक. पाणी शतकानुशतकांपूर्वी उडून गेलेले आणि उरलेले भांड्याला चिकटून बसलेले. यंग यांच्या मंडळींनी तो खरवडून कागदाच्या पिशव्यांत भरला आणि फिलाडेल्फियास नेला. त्या काळच्या रसायनशास्त्राला त्यातून फारसे काही काढता आले नाही. यंग १९७४ साली वारले. पिशव्या संग्रहालयाच्या कोठारात चाळीस वर्षे पडून राहिल्या. उत्खननात सापडलेल्या सुंदर वस्तूंची चित्रे छापली जातात, त्यांवर ग्रंथ निघतात. खरवड मात्र कोणी फेकून दिली नाही, हेच आम्हांस या सर्व प्रकरणात मोठे वाटते. पुढे त्या थडग्यातील लाकडी सामानाचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ सिम्पसन यांनी पॅट्रिक मॅक्गव्हर्न या रसायनज्ञ पुरातत्त्वज्ञाचे लक्ष या पिशव्यांकडे वेधले, आणि १९९९ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा, की ते पेय एकाच वेळी तिन्ही होते: द्राक्षांची वाइन, जवाची बिअर आणि मधाचे मद्य. टार्टारिक आम्ल सापडले, ते द्राक्षांचे. मेणाचे अंश सापडले, ते मधाचे. कारण मध कितीही गाळला तरी मेण पुरते निघत नाही. आणि जवाची बिअर ज्या भांड्यात करतात त्याच्या आतून कॅल्शियम ऑक्झलेटचा जो थर धरतो, तोही होता. खरकट्यात मेंढीचे किंवा बकरीचे मांस, मसूर, मध, वाइन आणि बडीशेपेसारखा मसाला यांच्या खुणा मिळाल्या. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तेराव्याचे जेवण झाले आणि खरकटी भांडी राजाबरोबर पुरली.

२००० साली मॅक्गव्हर्न यांनी अमेरिकेतील लहान लहान बिअर कारखानदारांना आव्हान दिले, की या पुराव्यावरून पेय करून दाखवा. सॅम कॅलाजिओनी यांच्या डॉगफिश हेड या डेलावेअरमधील कारखान्याचे पेय पसंतीस उतरले. त्याच वर्षी फिलाडेल्फियात मिडासाच्या मेजवानीचा प्रयोग झाला आणि पुढे ‘मिडास टच’ या नावाने ते पेय विक्रीस आले. जव, मध, मस्कट जातीची पांढरी द्राक्षे आणि केशर. मद्यार्क शेकडा ९, म्हणजे साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत एका स्नेह्यांच्या घरी आम्हांला ते पेय चाखावयास मिळाले. रंग तुपासारखा सोनेरी. वास प्रथम मधाचा, मागाहून पिकल्या द्राक्षांचा. जिभेवर गोडी येते, पण ती टिकत नाही. शेवटी द्राक्षाचा आंबटपणा आणि किंचित कोरडेपणा राहतो. केशर शोधावे लागले. बिअरची सवय असलेल्याला ही वाइन वाटेल आणि वाइन पिणारा हिला बिअर म्हणेल. कडक आहे हे घशाला कळत नाही, थोड्या वेळाने कानशिलांना कळते. पेय चांगले आहे, हे कबूल केले पाहिजे. आमच्या यजमानांनी विचारले, “मग, राजा हेच पीत होता तर?”

या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणण्याचा मोह पडतो. पण साका काय सांगतो आणि काय सांगत नाही ते पाहू. घटक कोणते हे तो सांगतो. प्रमाण सांगत नाही. मद्यार्क तर केव्हाच उडून गेला. तेव्हा शेकडा ९ हा आकडा थडग्यातून आलेला नाही, तो कारखानदाराने ठरविला आहे. तिन्ही एकत्र आंबविली की निरनिराळी करून वाढताना मिसळली, हेही साक्यावरून कळत नाही. मस्कट द्राक्षे ही निवड. केशराचा तर अंशही सापडलेला नाही! बिअरला कडवटपणा हवा. युरोपात पुढे ज्या हॉपच्या फुलांनी तो आणू लागले ती त्या काळी तेथे वापरात नव्हती. रंग पिवळा, मुलूख केशराचा, म्हणून केशर. तर्क सुंदर आहे. मॅक्गव्हर्न यांनी तो तर्क म्हणूनच मांडला. बाटलीवर छापले की तर्काचे घटक होतात, आणि बापाच्या थडग्यातील पेयाला मुलाचे नाव लागते, एवढेच.

मग सारेच कल्पित समजावयाचे काय? तसेही नाही. ग्रीक वाङ्मय येथे साक्षीला येते. होमरच्या दोन्ही महाकाव्यांत वाइनमध्ये जवाचे पीठ आणि चीज घालून केलेले पेय आहे. तेव्हा मिसळीचे पेय त्या जगाला परके नव्हते. झेनोफोन इ. स. पू. ४०१ च्या हिवाळ्यात आर्मेनियाच्या डोंगरांतून सैन्य घेऊन परतत असता त्याला घरोघर जवाच्या मद्याची भांडी दिसली. वर दाणे तरंगत होते आणि लोक नळ्यांनी ते ओढून पीत होते. पाणी न घालता प्यावे तर फार कडक लागते, असे त्याने लिहून ठेवले आहे. गॉर्डियनच्या इतर थडग्यांत तोटीला गाळणी असलेले घडे मिळाले आहेत, त्यांचा उपयोगही यावरून उमगतो. तेव्हा कडकपणाचा आकडा जरी थडग्यातला नसला, तरी त्या बाजूचे लोक कडक पेय करू शकत होते याला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे.

धान्यात फळ का घालीत असतील, याचेही एक व्यवहारी कारण आहे. जवात साखर तयार नसते, असतो तो पिष्टाचा साठा. त्याला मोड आणून, शिजवून साखर करून घ्यावी लागते, आणि मग ती आंबविणारे यीस्ट कोठून तरी आणावे लागते. पिकल्या फळात साखर तयार आणि सालीवर यीस्टही बहुधा हजर. घरचे दही लागावे म्हणून आपण विरजण घालतो, तसे धान्याला फळाचे विरजण.

चीनमधील हेनान प्रांतातल्या जियाहू येथील सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या खापरांतही असेच पेय निघाले: तांदूळ, मध आणि फळ. २००४ साली ते प्रसिद्ध झाले. पण फळ कोणते? टार्टारिक आम्ल तेथील हॉथॉर्नच्या फळातही भरपूर असते. म्हणून संशोधकांना ‘द्राक्ष किंवा हॉथॉर्न’ असे लिहावे लागले. आपल्याकडे ही अडचण आणखी वाढते. उद्या महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घड्यात टार्टारिक आम्ल सापडले, तर प्राचीन वाइन मिळाली म्हणून कोणी नाचू नये. ते आम्ल चिंचेत मुबलक असते. घडा आमटीचाही असू शकेल!

आपल्या देशात मात्र पुराव्याची दुसरी तऱ्हा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठातर्फे रा. प. कंगले यांनी १९६० पासून या ग्रंथाची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी. पानगृहात आसने, सुगंध, फुले आणि पाणी यांची सोय असावी, उत्सवांत चार दिवस सुरा करण्याची मुभा असावी, किण्वाची जमवाजमव बायका-मुलांनी करावी, असा बारीकसारीक तपशील तेथे आहे. आणि कृतीही आहेत, मापांसह. मेदक नावाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. म्हणजे सोळा मापे पाणी, दोन मापे तांदूळ, तीन मापे विरजण. विरजण तांदळाहून जास्त कसे, असे वाटेल. पण ते किण्वही उडीद नि तांदूळ यांचेच केलेले असे, तेव्हा धान्य त्यातूनही पडत होते. गॉर्डियनच्या साक्यात नेमके जे नाही ते प्रमाण येथे आयते हाती येते.

याच प्रकरणात सहकारसुरा असे नाव येते. सुरा म्हणजे धान्याची, आणि सहकार म्हणजे अमरकोशाप्रमाणे अतिशय सुगंधी आंबा. फळ घातलेली धान्याची सुरा आपल्या ग्रंथात नावानिशी आहे, ती ही. पण मेदकाच्या बाबतीत प्रस्थ नि आढक मोजणारा कौटिल्य येथे आंब्याचे माप देत नाही. रस घालावयाचा की फोडी, आंबण्यापूर्वी की नंतर, तेही सांगत नाही. कोणी हौशी माणूस ही सुरा पुन्हा करावयास बसला, तर त्याला हे सारे स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागेल. हापूस तर त्याला घेताच येणार नाही. तो कलमी आंबा पोर्तुगीज अमदानीतला. त्याला एखाद्या जुन्या रायवळाच्या झाडाखाली जाऊन वास घेत बसावे लागेल.