वादळानंतरची उद्याने

वादळ ओसरल्यानंतर शहरात नुकसानीची मोजदाद सुरू होते. पडलेली घरे, तुटलेल्या विजेच्या तारा, वाहून गेलेले रस्ते आणि बुडालेल्या होड्या यांची नोंद आधी होते, आणि तसे होणेच योग्य असते. उद्यानांचा क्रम या यादीत अगदी शेवटी लागतो. भाकरी आणि निवारा यांच्यापुढे हिरवळीचा विचार कोण करणार? तथापि, ज्या दिवशी एखाद्या सार्वजनिक बागेचे बंद असलेले दार पुन्हा उघडते आणि वृद्ध माणसे नेहमीच्या बाकांचा शोध घेत आत शिरतात, त्या दिवशीच शहर खऱ्या अर्थाने सावरले असे म्हणता येते. चेन्नई, म्हणजे १९९६ पर्यंत मद्रास या नावाने ओळखले जाणारे शहर, या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. या शहराला वादळे नवी नाहीत आणि उद्यानेही नवी नाहीत. या दोहोंचा इतिहास एकत्र वाचला, तर नगररचनेच्या ग्रंथांत सहसा न आढळणारे एक सत्य हाती लागते.

बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उठणारी चक्रीवादळे कोरोमंडल किनाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली आहेत. १७४६ मध्ये फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याने इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेतले. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील वादळाने त्याच्या आरमाराची अशी दाणादाण उडवली की विजयाचा आनंद त्याला फार काळ भोगता आला नाही. १९६६ च्या नोव्हेंबरातील वादळात स्तामातिस नावाचे जहाज थेट मरीनाच्या वाळूत येऊन रुतले. मरीना म्हणजे या शहराचे सर्वांत मोठे मोकळे अंगण. सायंकाळी वारा खाण्यासाठी जिथे हजारो माणसे जमतात, तिथेच वादळाने आपली ही खूण ठेवून दिली. पुढे १९९४ च्या ऑक्टोबरअखेर आणखी एका वादळाने शहराला झोडपले. मद्रासच्या बागा वाढल्या त्या अशा वाऱ्यांच्या तोंडाशी.

या बागांचा आरंभ एकोणिसाव्या शतकातला. १८५५ मध्ये सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी संग्रहालयाच्या आवारात एक प्राणिसंग्रह सुरू केला. कर्नाटकच्या नबाबाने आपल्याजवळचे प्राणी त्यासाठी दिले. मृत प्राण्यांच्या सांगाड्यांपेक्षा जिवंत प्राणी पाहण्यास लोक अधिक उत्सुक असतात, हे बाल्फोर यांनी अचूक ओळखले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५९ मध्ये, सर चार्ल्स ट्रेव्हेलियन मद्रासचे गव्हर्नर म्हणून आले. वरिष्ठांच्या करविषयक धोरणाला उघड विरोध केल्यामुळे वर्षभरातच त्यांना परत बोलावण्यात आले. पण तेवढ्या अल्पावधीत त्यांनी 'पीपल्स पार्क' या नावाच्या एका विस्तीर्ण उद्यानाची मुहूर्तमेढ रोवली. ११६ एकरांचा विस्तार, तळी, फिरण्याचे रस्ते आणि वाद्यवृंदासाठी चौथरा, असे त्याचे स्वरूप होते. बाल्फोर यांचा प्राणिसंग्रहही पुढे याच उद्यानात आला. 'लोकांचे उद्यान' हे नावच त्या काळी एक घोषणा होती. राजवाड्याची बाग राजाची आणि बंगल्याची बाग साहेबाची. ही मात्र वाटसरूची, हमालाची आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कारकुनाची.

हा विचार मराठी भाषकांनाही परका नव्हता. कुंभकोणमच्या मराठी घराण्यात जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण असतानाच, १८७९ मध्ये, तेथे सयाजीबाग आकारास आली. मद्रासच्या मैलापूर भागातील नागेश्वरराव उद्यान ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु यांनी आपल्या 'अमृतांजन'चा व्यवसाय १८९३ मध्ये सुरू केला तो मुंबईत. संस्थानिक असो, गव्हर्नर असो वा व्यापारी, दाट वस्तीच्या नगरात सर्वांना बसता येईल अशी सावली निर्माण करणे हे लोकोपयोगी कार्य होय, ही जाणीव त्या पिढ्यांत दृढ होत चालली होती.

मद्रासच्या दक्षिणेस गिंडीचे रान आणि अड्यार नदीकाठची थिऑसॉफिकल सोसायटीची वसाहत ही आणखी दोन हिरवी स्थळे. सोसायटीने अड्यारची जागा १८८२ मध्ये घेतली. तेथील विशाल वटवृक्ष सुमारे साडेचारशे वर्षांचा मानला जातो आणि त्याच्या छायेत मोठमोठ्या सभा भरल्या आहेत. १९८९ मध्ये एका वादळात या वडाचे मूळ खोड कोसळले. अन्य कोणताही वृक्ष असता, तर त्याची कथा येथेच संपली असती. पण वडाची रीत निराळी. पारंब्या भूमीत उतरून स्वतःच खोडे झालेल्या असल्यामुळे वृक्ष उभाच राहिला. आज त्याला पाहणाऱ्यास मधली जागा रिकामी दिसते आणि भोवताली मात्र वडाचा परिवार नांदताना आढळतो.

कोलकात्याजवळील शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे भाग्यही असेच. १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी त्या उद्यानातील शेकडो वृक्ष भुईसपाट केले. वडाच्या मूळ खोडाला इजा होऊन कीड लागली आणि अखेर १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. वृक्ष मात्र पारंब्यांच्या आधारे विस्तारतच राहिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १८७१ मध्ये उद्यानाची सूत्रे हाती घेतलेल्या जॉर्ज किंग यांनी वादळाने मोकळ्या झालेल्या जागेत जुन्याचीच नक्कल केली नाही. त्यांनी तळी खोदली, मार्ग आखले आणि उद्यानाची नव्याने मांडणी केली. वादळाने पुसून टाकलेल्या पाटीवर त्यांनी अधिक चांगले अक्षर गिरवले.

अशीच कसोटी चेन्नईवर १२ डिसेंबर २०१६ रोजी आली. त्या दिवशी दुपारी 'वरदा' नावाचे चक्रीवादळ शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. पाकिस्तानने सुचवलेल्या या नावाचा अर्थ तांबडा गुलाब! वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. चक्रीवादळाचा केंद्रभाग एखाद्या स्थळावरून जातो, तेव्हा काही काळ फसवी शांतता पसरते आणि नंतर वारा उलट दिशेने वाहू लागतो. एका बाजूने हिसके बसून मुळे सैल झालेली असतात. तेच झाड मग दुसऱ्या बाजूने ओढले जाते. पावसाने माती भिजून मऊ झालेली असेल, तर विचारायलाच नको. एका दुपारी शहरातील हजारो वृक्ष आडवे झाले. जे रस्ते पिढ्यानपिढ्या सावलीचे म्हणून ओळखले जात, त्यांवर दुसऱ्या दिवशी ऊन पडले.

गिंडीचे राष्ट्रीय उद्यान, वंडलूरचे प्राणिसंग्रहालय, थिऑसॉफिकल सोसायटीचे आवार आणि महापालिकेच्या बागा या सर्वांना वादळाचा तडाखा बसला. बाल्फोर यांनी आरंभलेल्या संग्रहालयाचाच वंश असलेले वंडलूरचे प्राणिसंग्रहालय अनेक आठवडे बंद राहिले आणि २०१७ उजाडल्यावरच प्रेक्षकांसाठी खुले झाले. झाडे उचलून रस्ता मोकळा करणे हे दोन दिवसांचे काम. मग उद्यानाला इतका अवधी का लागावा? याचे कारण असे की, उद्यानातील धोका बहुधा वर पाहिल्याशिवाय दिसत नाही. अर्धवट मोडून अडकलेली फांदी महिनाभराने एखाद्याच्या डोक्यावर कोसळू शकते. बाहेरून धडधाकट वाटणाऱ्या खोडाची मुळे आतून तुटलेली असतात. प्राणिसंग्रहालयात तर कुंपणाच्या प्रत्येक हाताची परीक्षा घ्यावी लागते. कारण तेथे तुटलेली जाळी म्हणजे केवळ दुरुस्तीचा प्रश्न नव्हे. शिवाय संरक्षित वनात पडलेले प्रत्येक लाकूड उचलणे हिताचेही नसते. कुजणारे ओंडके कीटकांना आसरा देतात आणि मातीला कस पुरवतात. म्हणून काय काढायचे याइतकेच काय राहू द्यायचे हेही ठरवावे लागते.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण असतो, तो म्हणजे रिकाम्या जागी काय लावायचे? गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांसारखी दूरदेशीची झाडे झपाट्याने वाढतात, फुलतात आणि सावली देतात. पण पसरट माथा आणि उथळ मुळे यांमुळे वादळात ती टिकाव धरत नाहीत. त्यातून बुंध्याभोवती फरसबंदी आवळलेली असली, तर मुळांना हातपाय पसरण्यासही जागा उरत नाही. उलट ताड, कडुनिंब, करंज, उंडी ही त्या किनाऱ्याची जुनी रहिवासी झाडे वाऱ्याशी झुंजण्यास सरावलेली. गिंडीत ज्याचा अवशेष टिकून आहे, ते कोरोमंडलचे शुष्क सदाहरित वन बुटके, दाट आणि चिवट असते. शतकानुशतकांच्या वादळांनीच त्याला तसे घडवले आहे. अड्यार खाडीकाठी २०११ मध्ये खुल्या झालेल्या तोलकाप्पिय पूंगा या उद्यानात स्थानिक झाडांना मानाचे स्थान दिले गेले, ते या जाणिवेतूनच. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्या श्रीवर्धन-मुरूडच्या बागायतदारांना हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो हे सांगावयास नको. लावलेले झाड पंधरा वर्षांनी कोणाच्या काळात सावली देणार आणि कोणत्या वाऱ्याला तोंड देणार, याचा विचार आजच करावा लागतो.

या संदर्भात लंडनजवळील क्यू उद्यानाची एक हकीगत उद्बोधक आहे. १९८७ च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या वादळाने तेथील सुमारे ७०० वृक्ष पाडले. १७९८ मध्ये लावलेला एक ओक वृक्ष, 'टर्नरचा ओक', त्यापूर्वी बराच काळ खंगत चालला होता. त्या रात्री वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला. हा काही आता जगत नाही, असे समजून उद्यानाच्या लोकांनी त्याला केवळ टेकू दिले. काही वर्षांनी पाहतात तो काय, वृक्ष नव्या जोमाने पालवला होता! उलगडा झाला तो असा : लक्षावधी प्रेक्षकांच्या पावलांनी बुंध्याभोवतीची माती दगडासारखी घट्ट झाली होती आणि मुळांचा श्वास कोंडला होता. वादळाने ती माती सैल केली. तेव्हापासून तेथे इतर वृक्षांभोवतीची जमीनही मुद्दाम भुसभुशीत केली जाऊ लागली. उद्यानावर प्रेम करणारी पावलेही उद्यानाला जाचक ठरू शकतात. म्हणून दार पुन्हा उघडताना पायवाटांची शिस्त पाळणे हा प्रेक्षकावरील निर्बंध नसून वृक्षाचा हक्क आहे.

वादळाची बाजू अशी मांडल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ट्रेव्हेलियन यांच्या त्या ११६ एकरांच्या उद्यानाचे पुढे काय झाले? ते कोणत्याही वादळाने नेले नाही. त्याच्या भूमीवर १९०० मध्ये मूर मार्केट उभे राहिले. १९१३ मध्ये महापालिकेची रिपन इमारत झाली. पुढे क्रीडांगण आले, रेल्वेचा विस्तार झाला. १९८५ मध्ये मूर मार्केट आगीत भस्मसात झाले, तेव्हा ती मोकळी जागा बागेकडे परतली नाही, रेल्वेकडे गेली. त्याच वर्षी प्राणिसंग्रहालय वंडलूरला हलले. 'पार्क टाउन' हे वस्तीचे नाव तेवढे मागे उरले. गिंडीची कथाही फारशी वेगळी नाही. १९१० मध्ये राखीव ठरलेले ५०५ हेक्टरांचे रान १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तोवर त्यातून तंत्रशिक्षणाची संस्था आणि राष्ट्रपुरुषांची स्मारके यांसाठी जागा दिली गेली होती, आणि उद्यानाच्या वाट्याला सुमारे २७० हेक्टर आले. यांपैकी प्रत्येक कारण उदात्त होते. शाळा, स्मारक, स्टेशन, कचेरी यांना कोण नको म्हणेल? पण उद्याने अशा चांगल्या कारणांपायीच संपतात.

वादळ झाड नेते, पण जमीन ठेवून जाते. तिच्यात रोप लावता येते, आणि आज ना उद्या उद्यानाचे दार उघडते. शहर मात्र जमीनच नेते, आणि तसे गेलेले दार पुन्हा उघडल्याची उदाहरणे विरळा. ती अगदीच नाहीत असे मात्र नाही. मोटारीत बसून खाद्यपदार्थ घेण्यासाठी प्रसिद्ध असलेले वुडलँड्सचे उपाहारगृह जिथे होते, तिथे २०१० मध्ये सुमारे २० एकरांचे सेम्मोळि पूंगा हे उद्यान नागरिकांसाठी खुले झाले. एकदा गेलेली मोकळी जागा परत मिळवता येते, एवढे या एका उदाहरणाने निश्चित दाखवून दिले.

तात्पर्य, वादळानंतर उद्यान उघडण्याचा दिवस हा केवळ आनंदाचा नव्हे, हिशेबाचाही दिवस मानावा. किती झाडे पडली हे तर मोजावेच. पण किती एकर शिल्लक आहेत हेही मोजावे. पडलेल्या खोडाभोवती पारंब्या उतरलेल्या असतील, तर वड जगतो. पण त्यासाठी पारंब्यांना टेकण्यापुरती भूमी शिल्लक राहिली पाहिजे.