खोडदची शांतता आणि यंत्रांची ऊब

१/१०
जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि सातवाहनांचा व्यापारी मार्ग आठवतो. याच तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे एक निराळे ऐतिहासिक स्थळ उभे आहे: जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. तिच्या विशाल तबकड्या सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यामागील संगणकांच्या उष्णतेची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

२/१०
१९८० च्या दशकात डॉ. गोविंद स्वरूप यांनी या दुर्बिणीची कल्पना मांडली. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवरील ही जागा निवडताना डोंगरांचा आडोसा, बेताचा वारा आणि मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचा अभाव या गोष्टी मोलाच्या ठरल्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. १४ मध्यभागी एकवटलेल्या, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोघींमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. ऑक्टोबर २००१ मध्ये ही दुर्बीण राष्ट्रार्पण झाली.

३/१०
तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होते ती गणिताच्या बळावर. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या होतात ४३५. प्रकाशतंतूंवरून आलेले संकेत मध्यवर्ती इमारतीत एकत्र येतात आणि ही ताडणी तेथे क्षणोक्षणी चालते. ती करणाऱ्या यंत्रणेला ‘कोरिलेटर’ म्हणतात.

४/१०
आरंभी हे काम खास त्यासाठी घडविलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. तिची पट्टरुंदी ३२ मेगाहर्ट्झ होती. २०१० च्या सुमारास तेच काम संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरने होऊ लागले. पुढे दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले, पट्टरुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली आणि ग्राफिक्स प्रोसेसर कामाला आले. ४०० मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन, म्हणजे एकूण ६० संकेत. हिशेब सेकंदाला ४,८०० कोटी नमुन्यांवर जातो.

५/१०
येथे उष्णतेचा प्रवेश होतो. संगणकात शिरणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णताच होते. १० किलोवॉट वीज घेणारे संगणकांचे एक उभे कपाट, म्हणजे ‘रॅक’, समजा. त्यातून जाणारी हवा १२ अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला सुमारे ७०० लिटर हवा खेळवावी लागते. तेवढीच उष्णता पाण्याने वाहून न्यायची, तर सेकंदाला पाव लिटरही पुष्कळ झाले. समान आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते.

६/१०
हे ज्ञान नवे नाही. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकात फ्रिऑन वायूने शीतन होत असे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर विद्युत्‌मंडलेच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली होती. त्याच दशकात प्रगत अमेरिकी महासंगणक मिळविताना भारताला अडथळे आले, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ साकारला.

७/१०
नंतर कमी वीज घेणाऱ्या चिप आल्या आणि थंड हवेने भरलेली खोली पुरेशी ठरू लागली. पण एकाच कपाटात अधिकाधिक प्रोसेसर दाटू लागले, तसा खोली थंड करण्याचा मार्ग तोकडा पडला. शीतन कपाटापर्यंत आले: कुठे मागच्या दारातच थंड पाण्याच्या नळ्या, कुठे थेट चिपवर पाण्याची थंड पट्टी. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ (२०१९) दुसऱ्या पद्धतीने थंड राहतो.

८/१०
रेडिओ दुर्बिणीजवळ मात्र आणखी एक पेच असतो. संगणक स्वतःच रेडिओ लहरी बाहेर टाकतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या क्षीण संकेतापुढे शेजारच्या संगणकाचा गोंगाट प्रचंड ठरतो. म्हणून यंत्रांभोवती धातूचे बंद कवच हवे. पण उष्णता बाहेर पडण्यासाठी झरोका हवा, आणि झरोका म्हणजे गोंगाटाला फुटलेली वाट! यावर तोड म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी. तिच्या बारीक, खोल घरांतून हवा जाते. त्या घरांच्या मानाने फार लांब असलेल्या रेडिओ लहरी आतच विरतात.

९/१०
या खटाटोपाचे फळ काय? जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगापुढे आले, त्यांत याच दुर्बिणीने टिपलेल्या पल्सारच्या नोंदींचा वाटा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये देशात तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्रार्पण झाले. त्यांपैकी एक जीएमआरटीसाठी आहे. क्षणार्धात चमकून विझणाऱ्या रेडिओ स्फोटांचा शोध हे त्याचे एक काम.

१०/१०
या शांततेची किंमत परिसरही मोजतो. दुर्बिणीभोवती नव्या उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक रेल्वेची मूळ आखणी दुर्बिणीजवळून जात होती. आक्षेपानंतर ती बदलण्याचे ठरले. नारायणगाव-मंचरच्या लोकांनी या रेल्वेची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे. विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा नोंदल्या जातात. त्या शोधांसाठी जुन्नर-आंबेगावने काय सोडले, तेही त्याच पानावर नोंदले गेले पाहिजे.