बियाण्याची कणगी आणि लिनक्स

मेमरी संपत आली की कर्नल बदललेली पेजेस डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. पण गंमत बघा, ते लिहायलाही थोडी मेमरी लागतेच! ती नसली की मशीन जागच्या जागी ठप्प.

लिनक्समध्ये आणीबाणीचा साठा आधीपासून होता, पण सामाईक. कोण किती उचलेल याचा नेम नाही. २००१ मध्ये इंगो मोलनार या हंगेरियन प्रोग्रामरने 'मेमपूल' लिहिला: ड्रायव्हरचा स्वतःचा, आधीच बाजूला काढलेला साठा. काम झालं की तुकडा परत पूलमध्ये, म्हणून थोडक्यात भागतं.

शिंदखेड्यासारख्या कोरडवाहू तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजवायला नको. घरात दाणा संपला तरी बियाण्याला हात लावायचा नाही. खाल्लं तर पेरणार काय? राखीव साठा खर्चायचा तो फक्त पुन्हा साठा उभा करणाऱ्या कामावरच.