चरखा आणि पेळू

हत्यार हाती आले की धंदा उभा राहतो, असा एक समज असतो. तो किती अपुरा आहे, हे चरख्याच्या पुनरुज्जीवनाच्या इतिहासावरून ध्यानात येते.

१९१५ साली आफ्रिकेतून परत येईपर्यंत गांधीजींनी चरखा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. आश्रमात हातमाग सुरू झाले, पण त्यांवर सूत गिरणीचेच चढे. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली. या बाईंनी चरख्याच्या शोधार्थ गुजरात पालथा घातला आणि अखेर तो बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडला. अनेक घरांच्या माळ्यांवर चरखे अडगळीत पडले होते. नियमाने पेळू पुरविणारा आणि काढलेले सूत विकत घेणारा कोणी असेल, तर कातावयास त्या घरांतील माणसे सिद्ध होती.

खरी अडचण येथेच होती. सरकी काढलेला कापूस पिंजणाने पिंजून त्याच्या हलक्या, लांबट वळ्या करतात, त्यांस पेळू म्हणतात. पेळू नसेल, तर चाती फिरून काय उपयोग? प्रथम उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठविले. पण हातसुतासाठी गिरणीपुढे हात पसरणे गांधीजींना रुचेना. तेव्हा गंगाबेनांनी एक पिंजारी शोधून काढला. त्याने महिना ३५ रुपये मागितले, आणि ते आनंदाने देण्यात आले. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळण्यास काही मुलांना शिकविण्यात आले. पुढे मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या आणि तो आश्रमातच तयार होऊ लागला.

हा धडा पुढेही विसरला गेला नाही. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि यंत्र वीस वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. त्यांतच आणखी एक अट होती: चरख्याने हातचे पेळू घ्यावेत, नाहीतर पिंजण्याचे साधन सोबत असावे. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

आज जुने चरखे वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवलेले दिसतात. परंतु चरख्यामागे पिंजारी असतो, पेळू वळणारे हात असतात आणि सूत घेणारा विणकर असतो. ही साखळी तुटली, की उत्तम चरखाही पुन्हा माळ्यावरच जातो.